साइटशिवाय नेम कसा बसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर साइट (नेम धरायचं साधन) लावलेल्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, तिरंदाजी केली, आता साइट नसलेलं, ओढायला ४५ पौंड जोर लागणारं साधं धनुष्य घेतलंय. उजव्या हाताने ओढता. 'फक्त लक्ष्याकडे बघ आणि सोड' असं जो तो सांगतो, पण दहा मीटरवरूनही बाण डावीकडे आणि वर जातात, आणि मधूनच एखादा भलतीकडे. सहज नेमाने, म्हणजे नजर फक्त लक्ष्यावर ठेवून अंदाजाने, मारायला शिकायचं तर सुरुवात कुठून करायची, आणि हे कुणालाही जमतं का?

जमतं. पण 'बघ आणि सोड' हा सल्ला शेवटच्या पायरीचा आहे. तो पहिल्याच दिवशी मिळाला की माणूस गवतात बाण शोधण्यात पटाईत होतो, बाकी काही होत नाही. साइट काढल्यावर नजरेवरचा भार वाढतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो शरीरावर येतो. साइटवाल्या धनुष्यात हनुवटीखालचा हात अर्धा सेंटीमीटर हलला तरी निदान साइटची टाचणी सोन्यावर, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळावर, असते, तेवढा तरी आधार उरतो. इथे तोही नाही. दर वेळी तेवढीच ओढ, तीच अँकरची जागा (पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्यावर जिथे टेकतो ती), तीच मूठ असेल तरच मेंदूला हिशेब करता येतो. ओढ दर वेळी वेगळी असेल तर त्याच्या हाती येणारी माहितीच खोटी ठरते, आणि खोट्या माहितीवरून कुणीच काही शिकत नाही.

हा हिशेब किती मोठा आहे ते आकड्यांत बघा. अशा धनुष्यातून बाण साधारण सेकंदाला ५० मीटर वेगाने निघतो असं धरू. दहा मीटर जायला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात तो सुमारे २० सेंटीमीटर खाली येतो. वीस मीटरवर हीच घट ७८ सेंटीमीटर होते, तीस मीटरवर पावणेदोन मीटरच्या पुढे. म्हणजे वीस मीटरवरच्या ठिपक्यावर बाण बसवायचा तर तो जवळजवळ पाऊण मीटर वरच्या दिशेने रोखलेला असायला हवा, आणि तुम्हाला मात्र त्या वेळी फक्त ठिपका दिसत असायला हवा. हा उंचावा तुमच्या वतीने खांदा आणि दंड ठरवतात. त्यांना तो कुणी सांगत नाही, हजारो बाणांतून तो मुरतो.

इथे नेहमी चेंडू फेकण्याची उपमा दिली जाते: चेंडू फेकताना आपण कुठे नेम धरतो, तसंच हे. ती अर्धीच खरी आहे. चेंडू आपण लहानपणापासून फेकतोय आणि त्यात जोर किती लावायचा हे दर फेकीला आपण ठरवतो. धनुष्यात जोर ठरलेला असतो, किंवा असायला हवा. अंतर वाढलं म्हणून जास्त ओढायचं नसतं. बदलतो तो फक्त धनुष्याच्या हाताचा उंचावा. चेंडूची उपमा डोक्यात ठेवून शिकलेले लोक लांबच्या लक्ष्याला नकळत जास्त ओढतात आणि जवळच्याला कमी. मग 'आज हात बसत नाहीये' म्हणतात.

आता त्या ४५ पौंडांबद्दल. ते धनुष्य ठेवा, पण काही महिने बाजूला. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान जड धनुष्यच करतं. कसोटी सोपी आहे: पूर्ण ओढून अँकरला आणा आणि सात-आठ सेकंद थांबा. हात थरथरला, दोरी हळूहळू पुढे सरकायला लागली किंवा खांदा कानाकडे चढला, तर ते धनुष्य शिकण्यासाठी नाही. बहुतेक प्रौढांनी या पद्धतीची सुरुवात २५ ते ३० पौंडांवर करावी. लिम्ब (मुठीच्या वरची-खालची वाकणारी पाती) बदलता येणारं धनुष्य असेल तर फक्त हलके लिम्ब घ्या, मूठ तीच राहील. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: धनुष्यावर छापलेलं वजन दोरी २८ इंच ओढल्यावरचं असतं आणि त्यापुढे दर इंचाला साधारण दोन-तीन पौंड वाढतात. तुमची ओढ ३० इंच असेल तर छापील ४५ चे हातात ५० होतात.

उभं राहण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. साइटच्या धनुष्यात शिकलेला ताठपणा थोडा सैल करा. गुडघे किंचित मोकळे, धनुष्य जरासं उजवीकडे कललेलं. कलल्याने बाण शेल्फवर, म्हणजे मुठीवरच्या बाण टेकवायच्या कडेवर, नीट टेकतो आणि समोरचं मोकळं दिसतं. किती कलवायचं याला नियम नाही, पण जे ठरवाल ते रोज तेवढंच ठेवा. कल बदलला की बाण डाव्या-उजव्या बाजूला सरकतो आणि तुम्हाला कारणच सापडत नाही.

अँकरवर मात्र वेळ घालवा. साइटवाले हनुवटीखाली हात लावतात, कारण त्यांना लांबच्या अंतरासाठी बाण डोळ्यापासून दूर हवा असतो. सहज नेमात उलट हवं, बाण डोळ्याच्या जवळ. म्हणून हात वर गालावर आणा. तर्जनी किंवा मधलं बोट ओठांच्या कोपऱ्यात, अंगठ्याचं मूळ जबड्याच्या हाडामागे. एका खुणेवर विसंबू नका, दोन ठेवा. बोट ओठांच्या कोपऱ्यात आणि त्याच वेळी पिसाची कड नाकाच्या टोकाला, अशी जोडी बऱ्याच जणांना चालते. दुसरी खूण नसेल तर थकल्यावर डोकं दोरीकडे झुकू लागतं आणि अँकर तोच असूनही ओढ बदलते. बोटं बाणाच्या वर एक, खाली दोन ठेवायची की तिन्ही खाली? तिन्ही खाली घेतली की बाण डोळ्याला आणखी जवळ येतो आणि वीस मीटरच्या आत शिकणं सोपं जातं. नवशिक्यांना मी तेच सुचवते. पण दोरीवर बाण लावायची खूण त्यानुसार बदलावी लागते आणि एकदा ठरवलं की अधूनमधून पद्धत बदलायची नाही.

आता तुमचे डावीकडे जाणारे बाण. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाबतीत यामागे प्रामुख्याने तीन कारणं असतात आणि ती वेगवेगळी ओळखता येतात. पहिलं, प्रभावी डोळा डावा असणं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची वस्तू बघा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. ते आपोआप ज्या डोळ्याकडे येतील तो प्रभावी. बाण उजव्या डोळ्याखाली आणि नेम डाव्या डोळ्याचा असेल, तर बाण डावीकडेच जाणार. साइट वापरताना डावा डोळा मिटून हे झाकता येतं, इथे दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असल्याने ते उघडं पडतं. डोळा डावा निघाला तर माझं स्पष्ट मत आहे: डावखुरं धनुष्य घ्या. महिनाभर अवघडल्यासारखं होईल, पण पुढची कित्येक वर्षं डोळ्याशी भांडावं लागणार नाही.

दुसरं कारण, बाण धनुष्याच्या मानाने ताठ असणं. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूने निघतो, सोडल्यावर वाकतो आणि मुठीला वळसा घालून मग सरळ होतो. त्याचा लवचिकपणा धनुष्याच्या जोराला जुळला तरच हा वळसा नीट पडतो. बाणावरचा ५०० किंवा ६०० हा आकडा त्याचाच: २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधोमध १.९४ पौंड वजन टांगलं की दांडी इंचाच्या किती हजारांश वाकते. आकडा मोठा म्हणजे बाण लवचिक. तुमच्या जुन्या रिकर्व्हची खिडकी (मुठीच्या वर बाणासाठी कापलेली खाच) मध्यापर्यंत किंवा त्याच्याही आत कापलेली असणार. साध्या धनुष्यात बहुधा ती तेवढी आत नसते, त्यामुळे तिथे जुळणारा बाण इथे ताठ पडतो आणि डावीकडे जातो. हलके लिम्ब लावल्यावर तर हे आणखी जाणवेल. तपासायचं कसं? सहापैकी दोन बाणांची पिसं काढा आणि दहा मीटरवरून सगळे मारा. बिनपिसाचे बाण पिसवाल्यांच्या डावीकडे वेगळे पडत असतील तर बाण ताठ आहेत. टोकाचं वजन वाढवा किंवा लवचिक दांडी घ्या. सगळे एकत्रच पण डावीकडे पडत असतील तर पुन्हा डोळ्याकडे बघा.

तिसरं, सोडताना उजवा हात चेहऱ्यापासून बाहेर उडणं. वीणेची तार छेडावी तशी दोरी बाहेर ओढली जाते, बाणाचं शेपूट उजवीकडे आणि टोक डावीकडे जातं. याची ओळख म्हणजे बाण एका ठिकाणी न पडता आडवे पसरतात. तुमचा 'मधूनच एखादा भलतीकडे' बहुतेक यातलाच. उपाय हात सोडण्यात नाही, पाठीत आहे. ओढ पाठीच्या स्नायूंनी धरली असेल तर बोटं सैल पडल्यावर हात आपोआप मागे, कानाच्या दिशेने जातो. सोडल्यावर हात कुठे थांबला ते दर बाणाला बघा. मानेला चिकटून मागे गेला असेल तर ठीक.

वर जाण्याचं कारण सरळ आहे. तुम्ही बाणाचं टोक ठिपक्यावर ठेवताय. साइटची सवय असलेल्या डोळ्याला टाचणीच्या जागी काहीतरी लागतं आणि तिथे त्याला बाणाचं टोक सापडतं. पण बाणाची शेपटी डोळ्याच्या खाली असते, त्यामुळे टोक डोळ्याच्या रेषेत आणलं की सगळा बाण वर रोखला जातो. ४०-५० मीटरवर हे टोक बरोबर पडेलही, दहा मीटरवर मात्र बाण अर्धा मीटर किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. तुमचं शरीर त्यातला थोडा भाग आपोआप दुरुस्त करतंय, थोडा राहतोय. धनुष्याच्या बाजूने एकच तपासणी करा: दोरीवरची खूण शेल्फच्या काटकोनी रेषेपेक्षा साधारण एक सेंटीमीटर वर असावी, तिन्ही बोटं खाली घेत असाल तर आणखी किंचित वर. खूण खाली राहिली तर बाणाचं शेपूट शेल्फवर आपटून उसळतं आणि बाण वरच जातो.

इथून पुढे सरावाचा क्रम. पहिले काही आठवडे दोन-तीन मीटरवरून, मोठ्या जाड गठ्ठ्यावर, काहीही खूण न लावता मारा. क्यूदो या जपानी धनुर्विद्येत यासाठी माकिवारा नावाचा घट्ट पेंढ्याचा गठ्ठाच असतो आणि नवशिका सुमारे धनुष्याच्या लांबीएवढ्या अंतरावरून त्यावर मारत राहतो. २८ मीटरवरचं ३६ सेंटीमीटरचं लक्ष्य त्याच्या वाट्याला नंतर येतं. काही बाण डोळे मिटून मारा, पण बाण लावून, पूर्ण ओढून, दिशा पक्की करून मगच डोळे मिटायचे. खूण नसल्यामुळे लागलं की चुकलं हा प्रश्नच उरत नाही, मग अँकर, पाठ आणि सोडणं या तिघांकडे लक्ष देता येतं. कंटाळा येईल. कंटाळा येईपर्यंत करा, त्यानंतर आणखी थोडे दिवस. आणि एका बैठकीत शंभर-दीडशे बाण मारण्यापेक्षा रोज तीस-चाळीस नीट मारलेले जास्त मुरतात. हात दमला की त्या दिवशीचं शिकणं संपलं, त्यापुढे तुम्ही चुकाच पाठ करत असता.

मग पाच मीटरवर एक ठिपका. नाण्याएवढा, रंगीत वर्तुळं नकोत. वर्तुळं असली की नजर त्यांच्यावर भटकते, आणि आठाच्या वर्तुळात बाण बसला की समाधानही होतं. ठिपक्यातलाही एखादा कण निवडा, चिरलेली कड, शाईचा डाग, काहीही. ओढायला सुरुवात करण्याआधी नजर तिथे रुतवा आणि बाण लागल्यावरही तिथेच राहू द्या. बाण उडताना त्याच्या मागे नजर जाऊ देणं ही इथली सगळ्यात चोरटी सवय आहे, कारण आपल्याला वाटतं बाण सुटल्यावर काय फरक पडतो. फरक पडतो, कारण बाण बघायची घाई झाली की धनुष्याचा हात बाण सुटायच्या आधीच खाली पडतो. नजरेचा विषय निघाला की पोपटाच्या डोळ्याची गोष्ट येतेच. ती खरीही आहे, फक्त अर्जुनाचा उजवा कोपर त्या वेळी कुठे होता हे ती सांगत नाही.

पाचवरून आठ, दहा, पंधरा. अंतर वाढवण्याची अट एकच: आहे त्या अंतरावर तीन-चार दिवस लागोपाठ बाण तळहाताएवढ्या जागेत बसायला हवेत. जागा ठिपक्याच्या बाजूला सरकलेली असली तरी आधी एकत्र येणं महत्त्वाचं. एकत्र येणारे बाण ठिपक्यावर आणणं सोपं असतं, पसरलेल्यांना कुठेच नेता येत नाही. सगळे बाण एकाच वजनाचे, एकाच लांबीचे ठेवा. मधेच जड टोक लावलेला एखादा बाण घुसडला की मेंदूचा हिशेब बिघडतो.

पंधरा मीटरवर पोचलात की बहुतेक जण एक चूक करतात: एकाच जागी उभं राहून सहा-सहा बाण मारत राहतात. त्यात पहिला बाण खाली गेला की दुसरा आपण जरा वर मारतो, तिसरा आणखी नीट. सहावा बरोबर ठिपक्यावर बसतो आणि वाटतं, जमलं. ते सहज नेमाचं यश नाही, ती आधीच्या बाणांवरून केलेली दुरुस्ती आहे. या पद्धतीची खरी परीक्षा पहिल्या बाणात होते. म्हणून या टप्प्यानंतर एक बाण मारा, मग जागा बदला. बारा मीटर, मग सात, मग अठरा, थोडं चढावर, थोडं तिरकं. अंतर मोजू नका, 'हे सतरा मीटर आहे' असं मनात म्हणूही नका. रोज मैदानावर आल्यावर मारलेला पहिला, थंड हाताचा बाण कुठे बसला एवढंच वहीत लिहा. महिन्याभराने वही उघडाल तेव्हा ती तुम्हाला सहा बाणांच्या गठ्ठ्यापेक्षा खरं सांगेल. मोकळ्या जागी असं फिरत मारायचं तर लक्ष्यामागे मातीचा उंचवटा हवा आणि पलीकडे कुणी नाही याची खात्री हवी. चुकलेला बाण किती लांब जातो याचा अंदाज नवशिक्यांना कधीच नसतो.

हे कुठवर चालतं? माझ्या मते २०-२५ मीटरपर्यंत उत्तम, तीसपर्यंत बरं. त्यापुढे अंतराचा अंदाज चुकण्याची किंमत वाढत जाते. वरच्याच वेगाने धरलं तर २० मीटर समजून प्रत्यक्षात २२ वर मारलं की बाण आठ-नऊ सेंटीमीटर खाली जातो, ४० समजून ४२ वर मारलं की सोळा. जागतिक स्पर्धांत बेअरबो (साइट नसलेल्या धनुष्याचा) प्रकार ५० मीटरवर खेळला जातो, तिथे तर बाण एका सेकंदात जवळपास पाच मीटर खाली येतो. त्या पातळीवरचे बेअरबो खेळाडू सहसा नुसत्या अंदाजाने मारत नाहीत. अंतरानुसार दोरीवर बोटं खाली सरकवतात आणि टोकानेच नेम धरतात. नियमांत ते चालतं आणि ते काही कमी प्रतीचं नाही. तुमचं मन ५० मीटरच्या स्पर्धेत असेल तर तीच पद्धत शिका, सहज नेमाच्या मागे लागू नका.

जाणकारांतही यावर एकमत नाही. फ्रेड बेअर स्वतःच्या मारण्याला सहज नेमच म्हणत. हॉवर्ड हिल मात्र म्हणत की नजर लक्ष्यावर असली तरी बाणाचं टोक डोळ्याच्या कडेला दिसतच असतं आणि ते वापरायला हवं. दोघेही विसाव्या शतकातले नामांकित धनुर्धारी, त्यामुळे एक खरा आणि दुसरा खोटा असं म्हणायची सोय नाही. मला वाटतं टोक सगळ्यांनाच कडेला दिसतं, फरक त्याच्याकडे लक्ष देण्याचा आहे. साइटवरून आलेल्या माणसाने निदान पहिलं वर्ष त्याच्याकडे लक्ष देऊ नये. टोक सारखं डोळ्यात येत असेल तर संध्याकाळी मागे भक्कम आडोसा असलेल्या बंदिस्त जागेत फक्त ठिपक्यावर दिवा लावा आणि पाच-सात मीटरवरून मारा. अंधारात टोक दिसणारच नाही. दोन-तीन संध्याकाळी हे केल्यावर दिवसाही त्याचा त्रास कमी होतो.

एका धोक्याबद्दल आधीच सांगते, कारण या वाटेवर तो बऱ्याच जणांना गाठतो. नजर ठिपक्यावर रुतली की बोटं अँकरला पोचायच्या आधीच सुटतात. सुरुवातीला हे वेगवान आणि ऐटदार वाटतं, लोक कौतुकही करतात. काही महिन्यांत मात्र पूर्ण ओढून थांबणंच अशक्य होतं. म्हणून अँकरला आल्यावर एक ते दोन सेकंद थांबायचंच. आणि दर दहा बाणांत दोन-तीनदा पूर्ण ओढा, ठिपक्यावर नजर ठेवा आणि बाण न सोडता हळूच परत आणा. परत आणताना दोरीवरची पकड पक्की असू द्या, आणि बाण नसताना दोरी कधीच सोडू नका, लिम्ब फुटू शकतात. न सोडता परत आणता येतं तोपर्यंत सोडण्याचा निर्णय तुमचा आहे.

जुनं साइटचं धनुष्य विकू नका, पण सुरुवातीचे तीन-चार महिने हातात घेऊ नका, दोन अँकर एकाच वेळी पक्के होत नाहीत. नंतर दोन्ही चालवता येतात, फक्त एकाच दिवशी नाही. ४५ पौंडांच्या धनुष्याकडे परत यायचं ते हलक्या धनुष्यावर पहिला बाण भरवशाचा झाल्यावर, तेही मधे ३५ पौंडांचा टप्पा घेऊन. तिथे बिनपिसाच्या बाणाची तपासणी पुन्हा करा, कारण हलक्या धनुष्याला जुळलेले बाण तिथे लवचिक पडतील आणि या वेळी उजवीकडे जातील.